शिक्का आतल्या बाजूला

थापीमावशीच्या कमरेला थापी दिसली नाही तर वस्तीतली कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकतात, असं तिचा मुलगाच म्हणायचा. लोखंडी पात्याची, लाकडी मुठीची, घासून घासून जिभेसारखी पातळ झालेली ती थापी ती कमरेच्या दोरीत खोचून सगळीकडे फिरायची. बाजारात, दवाखान्यात, कुणाच्या मयताला. वाटेत कुणाची चूल धुरकटताना दिसली की न विचारता आत शिरायची, दोन विटा हलवायची, ओल्या मातीचा एक हात फिरवायची आणि "आता पेटव" म्हणून बाहेर पडायची. घरातली बाई आभार मानेपर्यंत ही पुढच्या गल्लीत.

तिचं काम एकच, चुली बांधायचं. भिंती बांधणाऱ्या गवंड्यांविषयी तिला फारसा आदर नव्हता. "भिंतीला काय, एकदा उभी राहिली की सुटली," ती म्हणायची. "माझ्या कामाची परीक्षा रोज सकाळी, दहा बायकांच्या तोंडाने."

वस्ती होती बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीची. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या लांबच लांब ओळी, डोक्यावर पत्रे, मागे खाणीतून उपसलेल्या पांढऱ्या मातीचे ढिगारे. खाण बंद झाली तेव्हा साहेब लोक ट्रकमध्ये कपाटं घालून गेले. कामगार तिथेच राहिले, कारण त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. वस्तीच्या वरच्या अंगाला एक दगडी इमारत उभी होती. तिला सगळे पाराघर म्हणत. खाणीतल्या दगडाचा भुगा तिथे पाऱ्यात कालवायचे. पारा त्यातलं सोनं धरून ठेवायचा. मग तो गोळा भट्टीत तापवायचे, पारा वाफ होऊन उडायचा आणि खाली सोनं उरायचं. वाफ नळीतून नेऊन परत थंड पाण्यात उतरवायचे म्हणे. सगळी उतरत नसणार. उरलेली कुठे जाते, हे विचारायचं त्या काळी कुणाला सुचलं नाही.

खाण बंद झाल्यावर वस्तीने पाराघर हळूहळू खाऊन टाकलं. कुणी खिडक्या नेल्या, कुणी पत्रे, कुणी तारा. मावशीने भट्टी खाल्ली.

त्या विटा बघितल्यावर तिचा जीवच जडला होता. पिवळसर, जड, टिचकी मारली तर भांड्यासारख्या वाजणाऱ्या. अशा विटेची चूल एकदा तापली की दुपारच्या जाळावर संध्याकाळी हातपाय धुवायला कोमट पाणी मिळायचं. लाकूड अर्ध्यावर यायचं. गल्लीतल्या प्रत्येक घरात मावशीने ह्याच विटांची चूल घातली. प्रत्येक विटेच्या एका अंगावर खाणीचा शिक्का होता, एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन कुदळी. मावशी ते अंग न चुकता आत, जाळाकडे करायची. पाहुण्याराउळ्याच्या नजरेला चोरीचा माल पडायला नको. "आगीला कुठे वाचता येतं," म्हणायची.

आणि सिमेंट वापरायची नाही. फक्त चिखल. सिमेंटची चूल फोडावी लागते, मातीची उकलता येते, हे तिचं म्हणणं. घर बदललं, सून नवी आली, भांडी मोठी झाली की मावशी यायची, चूल भिजवायची, वीट न् वीट अखंड सोडवायची आणि नव्या मापाने पुन्हा बांधून द्यायची.

आता तिच्या नवऱ्याविषयी. तो पाराघरातच होता, भट्टीवर. उंच, शांत माणूस. पुढे पुढे त्याचे हात थरथरायला लागले. बशीतला चहा तोंडापर्यंत जायच्या आत मांडीवर. हिरड्या सुजल्या, तोंडातून लाळ गळायला लागली, दात हलायला लागले. कुणी घरी आलं तर मागच्या दाराने निघून जायचा. मध्येच चिडायचा, मध्येच लहान मुलासारखा रडायचा. खाणीच्या फाटकावर भोंगा वाजवणारा एक माणूस होता, त्याला सगळे भोंगाच म्हणत, कारण घरीसुद्धा तो त्याच आवाजात बोलायचा. त्याने एक दिवस फाटकातून आरोळी ठोकली, "आला बघा झिंग्या." नाव चिकटलं. झिंग्या दारू पितो, भट्टीवर झिंगून उभा राहतो, म्हणून त्याला कामावरून काढलं. थोड्याच काळात तो गेला. झिंग्या मात्र राहिला. मावशीला अजूनही कुणी कुणी झिंग्याची बायको म्हणायचं.

नवरा पीत नाही, हे तिने साऱ्या वस्तीशी भांडून सांगितलं. पण दुपारी तो झोपला की हळूच वाकून तिनेही त्याचं तोंड हुंगून पाहिलेलं होतं. कधी काही वास आला नाही. तरी हुंगलं होतं.

तर एके दिवशी पाराघराभोवती कुंपण घालायला माणसं आली. बंद खाणींचं एक सरकारी कार्यालय होतं, त्याचे साहेब जुन्या हजेरीच्या खोलीत टेबल टाकून बसले. वस्तीने त्यांना लगेच कुंपणसाहेब केलं. भोंग्याला त्यांनी फाटकावर राखणदार नेमलं आणि एक खाकी टोपी दिली, ती त्याने नंतर झोपतानाही काढली नाही. त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेतून एक तरुण बाई आली होती. तिच्या खांद्याला एक पेटी, पेटीला नळी, आणि पेटीतून सारखी गुणगुण. हवेतला पारा मोजायचं यंत्र. तिची मीटरवाली झाली.

मीटरवाली मावशीकडे पाणी मागायला आली. उन्हातून आली होती, सरळ स्वयंपाकघरातच टेकली. पेटी बंद करायची विसरली. गुणगुण हळूहळू बारीक होत गेली, मग टोचायला लागली.

"मावशी, चूल पेटलीय का?"

"विझलीय. पण माझी चूल विझली तरी झोपत नाही. हात लावून बघ."

मीटरवालीने हात लावला नाही. नळी चुलीजवळ नेली. आवाज डासासारखा चिरकला.

"तुझं मशीन बिघडलंय," मावशी म्हणाली.

"मलाही तसंच वाटतंय." तिने पेटी अंगणात नेली, आवाज बसेपर्यंत थांबली, परत आत आणली. पुन्हा तेच. तिने न विचारता खिडकी उघडली. "ह्या विटा कुठून आणल्या?"

"तू पाणी प्यायला आलीस का जबानी घ्यायला?"

"मावशी, पाराघराच्या दारात आकडा ह्याच्यापेक्षा कमी होता."

"माझ्या चुलीला नाव ठेवणारी अजून जन्माला यायचीय."

"आलीय. तुमच्यासमोर उभी आहे, आणि तिला घाम फुटलाय."

आतल्या दाराला टेकून मावशीची सून उभी होती. सातवा महिना लागलेला. नवरा टेम्पो घेऊन चार गावं पलीकडे, म्हणून दिवसभर ह्याच चुलीसमोर तिचं बसणं. मागच्या महिन्यात मावशीने खास तिच्यासाठी चूल थोडी उंच करून दिली होती, पोट दाबू नये म्हणून. भट्टीच्या अगदी आतल्या भिंतीच्या, सगळ्यात चांगल्या विटा लावून.

"ताई," सून म्हणाली, "मला तोंडात सारखं चमचा धरल्यासारखं लागतं. लोखंडी. ते ह्याच्यामुळे?"

"ते पोटातल्यामुळे," मावशी म्हणाली. "मला पण लागायचं."

"तुम्हाला लिंबू खावंसं वाटायचं, आत्या. तुम्हीच सांगितलंत."

मीटरवाली म्हणाली, "गरोदरपणातही लागू शकतं. रक्त तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही. पण तोपर्यंत ह्या घरात राहू नका. पोटातल्या बाळाला हे सगळ्यात वाईट." मग ती मावशीकडे वळली आणि नेहमीचे, पाठ झालेले प्रश्न विचारावेत तसं विचारलं, "घरात आणखी कुणाला त्रास? हात थरथरणं, हिरड्या सुजणं, लाळ गळणं? उगाच चिडणं, रडणं, माणसं टाळणं?"

मावशीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, जागा चुकल्यासारखा, आणि पुन्हा ठेवला.

"माझ्या नवऱ्याला."

"ते काय काम करायचे?"

"भट्टीवर होते. आता विचार, प्यायचे का."

"ते कशाला विचारू?"

"सगळे विचारतात."

मीटरवालीने पेटीची गुणगुण बंद केली. "मी डॉक्टर नाही. मेलेल्या माणसाचं कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. पण भट्टीवरच्या माणसाला हे सगळं एकदम झालं असेल, तर मी बाटली शोधत बसणार नाही."

मावशीने कमरेची थापी उपसली आणि चुलीवर उगारली. मीटरवालीने तिचं मनगट धरलं. "फोडू नका. धूळ उडेल, सगळं नाकात जाईल. चूल पेटवू नका, झाडू मारू नका, दारंखिडक्या उघड्या ठेवा. खरं तर हे काढायचं काम कार्यालयाचं आहे. त्यांना सांगा."

"सांगते ना," मावशी म्हणाली. सुनेकडे न बघता म्हणाली, "पिशवी भर. आईकडे जा."

"आणि तुम्ही?"

"मी इथेच. चूल माझी आहे."

दुसऱ्या दिवशी तिने गार झालेल्या चुलीची एक वीट भिजवून सोडवली, मीटरवालीने दिलेल्या जाड पारदर्शक पिशव्यांत एकावर एक बांधली, डब्यात घातली आणि कुंपणसाहेबासमोर जाऊन उभी राहिली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. बाकावर दोन ठेकेदार बसले होते, दारात शिपाई.

"मावशी, माझं काम पाराघराला कुंपण घालायचं. कुंपणाच्या आतलं माझं, बाहेरचं तुमचं तुम्ही बघायचं."

"बाहेर पारा आहे."

"असेल. लोकांच्या घरात काय काय असतं, मी कसं सांगणार? एखादा थर्मामीटर फुटला असेल."

"आमच्याकडे? आम्ही ताप हाताच्या उलट्या बाजूने बघतो."

शिपायाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. मावशीने डबा उघडला, पिशवीतली वीट टेबलावर ठेवली आणि शिक्क्याचं अंग साहेबाकडे केलं. आयुष्यात पहिल्यांदा ते अंग तिने कुणाला दाखवलं असेल.

साहेब वाकला. दोन कुदळी बघितल्या. सरळ बसला, आणि त्याचा आवाजच बदलला. "ही वीट खाणीची आहे."

"तेच सांगतेय."

"म्हणजे तुम्ही चोरलीत. ही सरकारी मालमत्ता आहे, मावशी. कळतंय का? अशा चुली किती घरात आहेत?"

"आमच्या गल्लीत सगळ्या."

"मग सगळ्या गल्लीवर केस होईल. मी बोललो नव्हतो, तुम्हीच काढलंत." तो खुर्चीत मागे रेलला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

मावशीचे कान तापले. चोर हा शब्द तिला नवा नव्हता, ती स्वतःच गमतीने वापरायची. पण खुर्चीवर बसवून, पंखा वळवून, परक्यांसमोर कुणी तो तोंडावर मारला नव्हता. ती वीट पिशवीसकट उचलायला लागली. अर्ध्यावर तिचा हात थांबला.

"साहेब, परत एकदा सांगा. वीट कुणाची?"

"खाणीची. शिक्का काय खोटं बोलतो?"

"नक्की?"

"लिहून देऊ का?"

"नको. हे तिघं ऐकताहेत." तिने वीट टेबलावर साहेबाच्या बाजूला सरकवली. "मग ठेवून घ्या."

"इथे नको." साहेबाची खुर्ची मागे सरकली. "त्यात पारा आहे ना."

"मी म्हणाले पारा. तुम्ही म्हणालात थर्मामीटर."

ह्या वेळी शिपायाला खोकला जमला नाही. मावशीने वीट डब्यात घातली, झाकण दाबलं. "राहू दे. एकटी कशाला बसेल बिचारी. सगळ्या बहिणींना घेऊन येते."

हे बोलणं सोपं होतं. गल्लीत दारोदार जाऊन बोलायचं होतं ते अवघड. जिने सगळ्या बायकांकडून स्वतःच्या चुलीचं कौतुक वसूल केलं होतं, तिनेच आता प्रत्येक दारात उभं राहून म्हणायचं, माझी चूल वाईट आहे, मला ती काढू दे. पहिल्या घरात शब्द फुटेना, तर तिने आधी चुलीवर उगाच माती सारवली. सारवता सारवता सांगितलं. दुसऱ्या घरापासून सरळ सांगायला लागली.

काही घरांनी ऐकलं. काहींनी दार लावून घेतलं. एकीने विचारलं, तुझी सून पोटुशी झाली तेव्हाच बरा पारा दिसला तुला. ते खरं होतं. मावशी पुढच्या दाराकडे वळली.

सगळ्यात जोराने नडली चहावाली. गल्लीच्या तोंडाशी तिची टपरी, आणि टपरीत मावशीच्या हातची सगळ्यात मोठी चूल, पुढे मोठं तोंड, मागे दूध गरम ठेवायला वैल. "माझं पोट आहे ते," ती म्हणाली. "इतकी वर्षं चहा पाजतेय, कोण मेलं?"

"दात कुठे गेले तुझे?"

"वय झालं."

"माझ्यापेक्षा धाकटी आहेस तू."

"तुझा जबडा घोड्याचा आहे, मी काय करू? आणि चोर म्हणून नाव लावून घेऊ का म्हातारपणी?"

"चोर मी एकटी. तुम्ही चूल सांगितलीत, वीट मी आणली. कुणी विचारलं तर माझं नाव घे. झिंग्याची बायको म्हण, लगेच ओळखतील."

चहावाली तरी चुलीसमोरून हलली नाही.

तिची सोडून जेवढी घरं तयार झाली, तेवढ्या चुली मावशीने उकलल्या. मीटरवालीने आपल्या गाडीतून जाड पिशव्या, रबरी हातमोजे आणि तोंडाला लावायचे, दोन्ही गालांवर डबे असलेले मुखवटे आणून दिले. "मला इथे मोजायला पाठवलंय," ती म्हणाली. "प्रत्येक चूल काढायच्या आधी आणि नंतर मी मोजणार. बाकी मी काही बघितलं नाही." पोरांना पार पलीकडच्या मैदानात हाकललं. विटेला हात फक्त मावशीने लावायचा. आधी माती भिजवायची, धूळ बसेपर्यंत. मग सांध्यात थापीचं टोक घालून हळूच उचकटायचं. सिमेंट असतं तर घण घालावा लागला असता. मातीतून विटा फोडीसारख्या सुटून आल्या, एकही फुटली नाही.

तिच्या स्वतःच्या चुलीच्या तळाच्या सांध्यातून एक चकचकीत थेंब घरंगळला. खाली दोन झाले, पुन्हा एक झाला. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. असे थेंब तिला चांगले माहीत होते. नवऱ्याच्या बुटाच्या शिवणीत सापडायचे. ती बूट उंबऱ्यावर झटकायची आणि मुलगा ते थेंब बोटाने पळवत खेळायचा.

"त्याला हात लावू नका, मी उचलते," मीटरवाली म्हणाली.

"मी उंबऱ्यावर झटकायचे," मुखवट्याआडून मावशी म्हणाली. कुणाला कळलं नाही ती काय बोलली.

मुलगा टेम्पो घेऊन आला. बायकोला सासरवाडीत बघून आला होता, त्यामुळे त्याला काही पटवायची गरज नव्हती. तरी पिशव्या चढवताना म्हणाला, "आई, आत टाकतील तुला."

"टाकू दे. आतली चूल धुरकट असणार. कुणीतरी बघायला पाहिजेच."

टेम्पो पुढे, मागून गल्ली चालत. पिशव्या पारदर्शक होत्या, आणि मावशीने एकेक वीट मुद्दाम अशी रचली होती की शिक्का बाहेर दिसावा. उन्हात त्या सगळ्या कुदळी वस्तीकडे बघत वर निघाल्या.

फाटकावर भोंगा टोपी सावरून उभा राहिला. "थांबा," तो ओरडला, म्हणजे त्याच्या मानाने कुजबुजलाच. "आत कुणाला सोडायचं नाही."

"मी कुठे आत जातेय," मावशी म्हणाली. "माल जातोय. खाणीचा आहे. वाचता येतं ना तुला?"

भोंगा टेम्पोला वळसा घालून आला. पिशव्यांत डोकावला. त्याच्या घरातली चूलही ह्यात होती, त्याच्या सुनेने त्याला न विचारता दिली होती, ते त्याला आत्ता कळलं. वळसा पुरा करून तो मावशीसमोर थांबला. फाटकाची कडी काढली आणि बाजूला झाला.

तेवढ्यात कुंपणसाहेब हजेरीच्या खोलीतून धावत आला. "हे काय चाललंय?"

"चोरीचा माल परत आणलाय. तुमच्या विटा, मोजून घ्या. आणि केस करायची म्हणालात, ती पण करा. मी इथेच आहे."

"असं कसं आणता? हे विषारी आहे."

"माझ्या घरात होतं तेव्हा नव्हतं का?"

"हे मी ताब्यात घेऊ शकत नाही."

"मग वीट खाणीची नाही म्हणा. मोठ्याने म्हणा. मग चोरी पण नाही. आम्ही घेऊन जातो."

साहेबाने मीटरवालीकडे बघितलं, ती आपल्या माणसासारखी बोलेल अशा आशेने. ती शांतपणे म्हणाली, "सर, मला अहवालात दोन्हीपैकी एक लिहावं लागेल. विटा खाणीच्या असतील, तर त्या ज्या घरांत होत्या ती घरं स्वच्छ करणं आपल्याकडे येतं. जमिनीसकट. आकडे माझ्याकडे आहेत."

"हे वर विचारावं लागेल."

"विचारा," मावशी म्हणाली. तिने टेम्पोतलं रिकामं घमेलं काढलं, फाटकात पालथं घातलं आणि त्यावर बसली. फाटक अर्धं उघडं, मध्ये ही. ना बंद करता येईना ना पुरतं उघडता. बाकीचे लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, मीटरवालीने सांगितलं तिथे सावली बघून बसले. साहेब आत फोनवर, बाहेर येऊन जाऊन.

ऊन कलायला लागलं तशी चहावाली किटली घेऊन चढण चढून आली. सगळ्यांना कप दिले. मावशीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"रॉकेलचा वास येतोय."

"स्टोव्हवर केलाय. माझी चूल गार आहे सकाळपासून," चहावाली म्हणाली. "मुकाट्याने पी. आणि ऐक. माझ्या विटा पण ने, पण एका अटीवर. नवी चूल तू बांधायची, आणि वैल हवाच."

"बघते."

"बघते नाही. हवाच."

साहेब शेवटी बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो मावशीशी बोलला नाही. भोंग्याकडे बघून म्हणाला, "आत ठेवायला सांग." भोंग्याने ते साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं.

पुढे काय झालं ते असं. कुंपणाचे रोवलेले खांब उपटले आणि गल्लीच्या खालच्या अंगाला पुन्हा रोवले. म्हणजे गल्ली कुंपणाच्या आत आली, आतलं साहेबाचं. घरं रिकामी करून लोकांना खाणीच्या जुन्या दवाखान्याच्या लांबलचक खोल्यांत हलवलं, आधी त्या मोजून घेऊन. जमिनी खणायचं काम अजून चालू आहे, रडतखडत. कधी ठेकेदार येत नाही, कधी पिशव्या संपतात. मावशी रोज जाऊन विचारते. साहेब आता तिला खुर्ची देत नाही, ती स्वतःच ओढून घेते.

केस झाली. मावशीवर एकटीवरच. तारीख पडली की ती कोर्टात जाते, तिथल्या दारातला शिपाई तिच्या कमरेची थापी काढून ठेवतो, निघताना परत देतो. वकिलाने सांगितलं, चुकून घेतल्या म्हणा. ती म्हणाली, चुकून एवढ्या विटा कोण घेतं? घेतल्या म्हणून सांगणार, आणि परत दिल्या म्हणूनही सांगणार.

सुनेच्या रक्तात पारा निघाला. डॉक्टर म्हणाले, लवकर बाहेर पडली हे बरं केलं, बाकी बाळाला वाढताना बघत राहायचं. मुलगी झाली. ती झोपली की मावशी तिच्याजवळ बसते आणि तिच्या हातांकडे बघते. नुसती बघते.

नव्या चुली साध्या विटांच्या. त्या उष्णता धरत नाहीत, लाकूड जास्त खातात, आणि बायका मावशीला तोंडावर टोमणे मारतात की पूर्वीची सर नाही. "ती सर तुम्हाला परत हवी असेल तर कुंपणाच्या आत आहे, आणा जाऊन," मावशी म्हणते. चहावालीची टपरी दवाखान्यासमोर आली, आणि तिला वैल मिळाला.

एक दिवस दवाखान्याच्या मागे ती माती तुडवत होती, तर भोंगा आला. टोपी हातात. त्याच्या सुनेला चूल हवी होती, पण तो चुलीचं बोलेना. चिखलाकडे बघत उभा राहिला. मग, त्याला जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाला, "तुझा माणूस पीत नव्हता."

मावशी तुडवायची थांबली नाही. "हे मला कशाला सांगतोस? मला माहीत आहे."

"नाही, म्हणजे मीच तेव्हा—"

"तेव्हा फाटकातून सांगितलं होतंस, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आता चिखलाला सांगतोस होय?" तिने थापीने दवाखान्याच्या पुढच्या अंगाला, टपरीकडे दाखवलं. ही पाळी सुटण्याची वेळ, खाण नसली तरी लोक अजून त्याच वेळेला चहाला जमतात. "तिकडे जाऊन सांग. नेहमीच्या आवाजात."

भोंग्याने टोपी डोक्यावर घातली. पुन्हा काढली. मग निघाला.

मावशी माती तुडवत राहिली. थोड्या वेळाने टपरीकडून आवाज आला, आणि तो ऐकायला तिला कान द्यावा लागला नाही.